ढोलकपूर, ता. बार्शी, जि. सोलापूर

बार्शीत कार्टूनचा दर्जा घासात मोजतात. एका भागात अर्धी भाकरी गेली तर कार्टून बरं. वरण-चपाती संपली तर चांगलं. आणि शेपूची भाजी हूं की चूं न करता उतरली, तर त्या कार्टूनचा भगवंत मैदानावर जाहीर सत्कार करून शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही.

रात्री साडेआठला उपळाई रोडला किंवा सोमवार पेठेत, कुठल्याही घरात डोकावून बघा. पोर मांडी घालून बसलेलं, समोर ताट, ताटापलीकडे तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. आई घास करते, पोर नजर न हलवता आ करतं. तोंडात शेंगाची चटणी गेली की श्रीखंड, याची पोराला दाद नाही. मोबाइलवर काय चाललंय, याची आईला नाही. आजी आतल्या खोलीत मालिका बघते. बाप ओट्यावर बसून रील बघतो. याला जाहिरातीत संपूर्ण कुटुंबासाठी मनोरंजन म्हणतात आणि ते खोटं नाही, कारण त्यामुळे कुटुंबातल्या प्रत्येकाला निवांतपणा मिळतो.

याच मंडळींना लग्नाच्या पंगतीत ऐका.

“कार्टूनने पोरांचं वाटोळं केलं बघा.”

“आवं, आमचं ते मोबाइल लावल्याबगर तोंडच उघडत नाही.”

“आमचं तर टीव्ही बंद केला की अंगावर धावून येतंय.”

मग कुणीतरी, सरकारने यावर बंदी आणली पाहिजे, असं म्हणतं. सगळे माना डोलावतात. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरचं पोर भोकाड पसरतं आणि माना डोलावणाऱ्यांपैकीच एकजण खिशातून मोबाइल काढून त्याच्या हातात ठेवतो.

फुकटात पोर सांभाळणाऱ्याची पात्रता कुणी विचारत नाही. तो गप बसवतो ना, मग झालं. कार्टून करणाऱ्या कंपन्यांना हे आपल्याआधी कळलं आहे. त्यांच्याकडे हिशेब मिनिटांचा, आपल्याकडे घासांचा. गोष्ट कशी होती, हा रकाना दोन्ही वह्यांत नाही.

आता जरा हा सांभाळणारा कोण आहे ते बघू. ढोलकपूर हे गाव हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनने वसवलं, राजीव चिलका यांनी. 2008 मध्ये ते पोगोवर आलं आणि तेव्हापासून बार्शी तालुक्यातच आहे. तिथली राज्यव्यवस्था पाहण्यासारखी आहे. राजा आहे, राजवाडा आहे, भाले घेतलेलं सैन्य आहे. पण दरोडेखोर आला, राक्षस आला, जादूगार आला, की राजा इंद्रवर्मा घाम पुसतो आणि भीम नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला बोलावणं धाडतो. सैन्य बाजूला होऊन वाट देतं. पोरगं टुनटुन मावशीचा लाडू खातं, दंड फुगतात, गुद्दा बसतो, प्रश्न मिटतो. सैन्याने काय केलं, पहारा का नव्हता, गेल्या भागातल्याच वाटेने राक्षस पुन्हा आत आला कसा, याची चौकशी नाही. पुढच्या भागात नवा राक्षस आणि नवा लाडू.

लोक म्हणतात, असलं पाहून पोरं कल्पनेच्या जगात राहायला लागतात. बार्शीच्या पोराने यात कल्पना कुठली शोधायची? नळाला पाणी आलं नाही, डीपी जळाला, गटार तुंबलं, की आपण काय नगरपालिकेत अर्ज करून पोच घेतो? भाऊंना फोन लावतो. भाऊ येतात, चार पोरांना कामाला लावतात, प्रश्न मिटतो आणि चौकात फ्लेक्स लागतो. ढोलकपुरात फ्लेक्स नाहीत, एवढाच काय तो कल्पनाविलास. शाळेत नागरिकशास्त्राचं पुस्तक हातात पडेपर्यंत पोराचं नागरिकशास्त्र तिथं पुरं झालेलं असतं. भीमाच्या मैत्रिणीचं, छुटकीचंही गृहशास्त्र होऊन जातं: लाडू आणून द्यायचे, मारामारीच्या वेळी काळजीने बघायचं आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या.

फुरफुरीनगराची तऱ्हा त्याहून ओळखीची. मोटू-पतलू मूळचे ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकातले. 2012 मध्ये मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओने त्यांना निकवर आणलं. तिथला घसीटाराम मला फार आवडतो. विमान चालवायचं असो की दात उपटायचा, त्याला त्या कामाचा वीस वर्षांचा अनुभव असतो. असे दोन-तीन घसीटाराम आमच्या पांडे चौकात रोज सकाळी चहाला असतात. अर्थसंकल्पापासून गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळ्याचा अनुभव. इन्स्पेक्टर चिंगमला चोर सापडत नाही आणि सापडलाच तर दुसऱ्याने धरून दिलेला असतो. मोटूला उपाशीपोटी काही सुचत नाही. हे सगळं बघून पोर बिघडेल म्हणता? ते तयार होतंय.

गंमत डोरेमॉनची. जपानच्या या निळ्या बोक्याची गोष्ट इतक्या वर्षांत एकच आहे: नोबिता अभ्यास टाळण्यासाठी गॅजेट मागतो, रडतो, डोरेमॉन नको नको म्हणत गॅजेट देतो आणि त्या गॅजेटने घोटाळा होतो. आळशाला यंत्र देऊ नये, हे एवढं सरळ सांगणारं दुसरं कार्टून नसेल. आपण तो भाग मोबाइलवर लावून पोराच्या हातात देतो.

आणि शिनचॅन. त्याच्या वात्रटपणापायी 2008 मध्ये आपल्या माहिती-प्रसारण खात्याने त्याला काही काळ घरी बसवलं होतं. पंगतीतले लोक अजून त्याच्यावर दात धरून आहेत. वस्तुस्थिती अशी की योशितो उसुई यांनी 1990 मध्ये ही चित्रकथा सुरू केली ती मोठ्यांच्या साप्ताहिकात. ऑफिसातून पिचून येणारा बाप, घराचं कर्ज, सेलमध्ये धावणारी आई आणि त्यांची अब्रू चव्हाट्यावर आणणारं पाच वर्षांचं पोर. हा विनोद आईबापांवर आणि आईबापांसाठी होता. आपण तो न बघता पोरांकडे सरकवला आणि पोर पाहुण्यांसमोर तसं बोलायला लागल्यावर कपाळाला हात लावला. पाच मिनिटं शेजारी बसून बघितलं असतं तर निदान आपल्यावर काय बोलणं चाललंय ते तरी कळलं असतं.

शेजारी बसायचं मात्र कुणी नाव काढत नाही. आंदोलन म्हणा, लगेच तयार.

16 एप्रिल 2025 ला राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची केली. ओरड झाली तेव्हा जूनमध्ये सक्तीचा शब्द गाळून दुसरा शासननिर्णय काढला. त्यानेही भागेना. शेवटी 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमण्यात आली. बार्शीतही सगळ्यांची छाती फुगली. मराठीची काळजी वाहण्याचा या गावाला जुना सराव आहे; 1980 चं साहित्य संमेलन इथंच भरलं होतं, गं. बा. सरदारांच्या अध्यक्षतेखाली.

त्या विजयाच्या संध्याकाळी गल्लीत खेळणारी पोरं ऐकायला हवी होती. भूक लागली की मराठी. ढोपर फुटलं की मराठी. शिवी द्यायची तर अस्सल बार्शीची, ऐकणाऱ्याच्या सात पिढ्यांना पुरेल अशी. पण एकदा का एकजण भीम झाला आणि दुसरा कालिया, की गाडी रूळ बदलते. “अब तेरा क्या होगा?” “बचाओ, बचाओ!” पराक्रम हिंदीत, कट हिंदीत, राजाचा दरबार हिंदीत, मराठी उरते ती आईने जेवायला हाक मारण्यापुरती. शासननिर्णय नाही, शिक्षकभरती नाही, पाठ्यपुस्तक नाही. अंगणवाडीत नाव घालायच्या आधीच अभ्यासक्रम पूर्ण. ज्यांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राची मैदानं हलली ते शाहीर अमर शेख याच बार्शीत 1916 मध्ये जन्मले, हे त्या गल्लीतल्या कालियाला कुणी सांगायचं?

हिंदीशी माझं वैर नाही. बार्शीच्या अडतीतला व्यवहार निम्मा तिच्यावर चालतो. प्रश्न एवढाच की मोर्चाला जे हात वर होतात, ते रिमोटकडे का जात नाहीत. कारण रिमोटवर भाषेचं बटण असतं. काही कार्टून वाहिन्या मराठीतही बोलतात. हैदराबादच्या रामोजी समूहाने 2021 मध्ये ‘ईटीव्ही बाल भारत’ काढली, ती मराठीतही. म्हणजे सोय आहे. ते बटण दाबलेलं घर मात्र मला गावात सापडलेलं नाही.

नातेवाइकांकडे एकदा मीच दाबलं. मोटू मराठीत बोलायला लागला. पाच वर्षांचा भाचा क्षणभर थांबला, माझ्याकडे संशयाने बघून म्हणाला, “मामा, हा खोटा मोटू आहे.” भाच्याचं चुकलं नव्हतं. तो मोटू ज्या मराठीत बोलत होता ती मराठी बार्शीत काय, पुण्यातसुद्धा कुणी बोलत नाही. “काय तू ठीक आहेस?” असं तो पतलूला विचारत होता. झाडावरून पडलेल्या माणसाला आमच्याकडे “लागलं का रं?” असं विचारतात. त्याची आई स्वयंपाकघरातून ओरडली, “दादा, आधी होतं ते लाव, ते जेवायचं थांबलंय!” घास अडला की भाषेचा प्रश्न निकालात निघतो.

शेजाऱ्यांची गंमत सांगतो. सन टीव्हीने तमिळ पोरांसाठी 2007 मध्ये चुट्टी टीव्ही काढलं, 2009 मध्ये तेलुगू आणि कन्नड, 2011 मध्ये मल्याळम पोरांसाठी कोचू टीव्ही. कन्नड वाहिनीचं नाव काय असावं? चिंटू टीव्ही. म्हणजे अक्कलकोट ओलांडलं की पलीकडच्या पोराला दिवसभर बोलणारं चिंटू टीव्ही, आणि आमचा खरा चिंटू, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा, 1991 मध्ये पेपरच्या चौकटींत उभा राहिलेला. तोही कुणासाठी? पोरांसाठी म्हणून आपणच वाचायचो. 2012 मध्ये त्याचा सिनेमा निघाला. त्यातही चितारलेला चिंटू न घेता खराखुरा मुलगा उभा केला. बांगलादेशाने तर 2013 मध्ये हिंदी बोलणारा डोरेमॉन बंदच करून टाकला, पोरं बंगाली सोडून हिंदी बोलायला लागली म्हणून. तो उपाय मला अतिरेकी वाटतो. पण निदान तिथल्या मंत्र्यांना पोरं काय बघतात ते ठाऊक होतं.

बरं, मराठी माणसाला हे काम येत नाही म्हणावं, तर तसंही नाही. चित्र हलवण्याचं वेड आपल्याकडे फार आधी लागलं. त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा हलू न देता, कोंब फुटण्यापासून वेल होईपर्यंत एकेक चौकट टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ दाखवली. 1915 मध्ये आगपेटीतल्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी जराशी सरकवायची, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. डिस्नेचा मिकी उंदीर तेव्हा बिळातही नव्हता; तो 1928 मध्ये आला. पुढे 1934 च्या सुमारास प्रभातने ‘जंबुकाका’ नावाचं कार्टून केलं. एवढा आरंभ झाल्यावर आपण थांबलो, ते अजून थांबलेले आहोत.

थांबलो म्हणजे स्वतःसाठी करायचं थांबलो. दुसऱ्यांसाठी चालूच होतं. ते ‘एक, अनेक और एकता’ आठवतंय? दूरदर्शनवर बातम्यांच्या आगेमागे लागायचं; जाळं घेऊन उडणारी पाखरं. 1974 चं. ते करणाऱ्या विजया मुळे. चित्रं भीमसैन यांची, पण संगीत वसंत देसाईंचं आणि चिमुरडा आवाज आपल्या साधना सरगम यांचा. सात मिनिटं, हिंदीत. 1993 मध्ये रविवारी सकाळी मोगली आला. मालिका जपानी, भाषा हिंदी आणि शेरखान मुरूड-जंजिऱ्याचा, म्हणजे नाना पाटेकर. 2005 मध्ये ‘हनुमान’ थिएटरात चालला, दिग्दर्शक व्ही. जी. सामंत, भाषा हिंदी. आयआयटी मुंबईच्या शिल्पा रानडे यांनी बाल चित्रपट समितीसाठी ‘गोपी गवैया बाघा बजैया’ केला, पानोपानी रंगवलेल्या पोथीसारखा देखणा. 2013 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात तो गाजला. आपल्या थिएटरांत लागायला 2019 उजाडलं. जी समिती 1955 मध्ये पोरांना चांगले सिनेमे दाखवण्यासाठी काढली, तिचाच सिनेमा पोरं सहा वर्षांनी मोठी झाल्यावर आला. ती समितीही आता एनएफडीसीत विलीन झाली आहे, त्यामुळे आणखी वाट बघण्याची गरज उरली नाही.

आणि 2018 पासून ‘लिटिल सिंघम’. करणारी रिलायन्स ॲनिमेशन पुण्याची, सिंघम नावाचा हिंदी सिनेमातला पोलीस मराठी, पोर अस्सल हिंदी. मोठ्या सिंघमच्या तोंडी निदान डोकं सटकल्यावर तरी मराठी यायची. अख्ख्या देशाला मराठीतलं तेवढं एकच वाक्य पाठ आहे. भीम लाडू मागतो, मोटू समोसा मागतो, मराठी माणूस फक्त सटकतो.

अपवाद झाले. ‘प्रभो शिवाजी राजा’ हा मराठी ॲनिमेशनपट 2018 मध्ये येऊन गेला. कुणी पाहिला का, म्हणून पाच-सहा घरांत विचारलं. “शिवाजी महाराजांचा का? चांगलाच असणार,” असं उत्तर आलं. बघितला नव्हता. पण चांगलाच असणार.

या “चांगलाच असणार”ची खरी परीक्षा झाली ती 2025 च्या श्रावणात. 25 जुलैला, श्रावणाच्या पहिल्याच दिवशी, ‘महावतार नरसिंह’ लागला. नट नाही, नटी नाही, सगळी चितारलेली माणसं. आणि जगभरात तीनशे कोटींच्या वर गल्ला. बार्शी तर भगवंताचं गाव, विष्णू इथं त्याच नावाने उभा आहे. त्यातून कित्येक घरांचं कुलदैवत नीरा नरसिंहपूरचं. आजीपासून तान्ह्यापर्यंत गाडी करून सोलापूरला गेलेली घरं मला माहीत आहेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बार्शीच्या आजीने नातवाशेजारी बसून दोन तास ॲनिमेशन पाहिलं! त्यातही हिरण्यकशिपूचं पोट फाडलं गेलं, रक्त आलं, आगी लागल्या. पंगतीत कुणी हूं म्हटलं नाही. पाच भाषांत होता: हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम. प्रल्हादाने हाक मारली ती हिंदीत, नरसिंहाने ओ दिली ती हिंदीत, आणि आमच्या आज्जी हात जोडून मराठीत रडल्या. मराठीत का नाही, असं एकाने विचारलं तर दुसरा म्हणाला, “देवाला कुठली आली भाषा?” तमिळ देवाला आहे, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

सिनेमा बरा होता का? काही ठिकाणी फार चांगला, काही ठिकाणी राक्षस प्लास्टिकचे. पण त्यावर कुणाशी बोलायची सोय नव्हती. देवाच्या ॲनिमेशनला दर्जा विचारणं पाप आणि भीमाच्या ॲनिमेशनला विचारणं वेळेचा अपव्यय.

शास्त्रज्ञ मंडळींनी यात लक्ष घातलं आहे, ते थोडक्यात सांगतो. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या दोन संशोधक बायकांनी 2011 मध्ये चार वर्षांच्या साठ मुलांचे तीन गट केले. एकाला दर काही सेकंदांनी दृश्य बदलणारं धावतं कार्टून, दुसऱ्याला सावकाश चालणारं, तिसऱ्याला कागद-खडू. नऊ मिनिटांनी लगेच चाचण्या घेतल्या, तर धावतं कार्टून पाहिलेली पोरं मन आवरण्यात मागे पडली. हे लगेचचं, पुढे टिकतं की नाही, ते त्यांनी तपासलेलं नव्हतं. नऊ मिनिटं! बार्शीत तेवढ्यात ताट वाढूनही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं की दोन वर्षांखाली पडदा नकोच आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाच्या आत. हे वाचून एक ताई म्हणाल्या, “मग जेवण कधी करायचं?”

वेगाचं मला पटतं. मोगली बघताना जंगलात नुसता वारा वाहायचा, कुणी बोलायचं नाही, आणि आपण वाट बघायचो. त्या गोष्टीला बार्शी लाइट रेल्वेची चाल होती. मधे उतरून बोरं खाऊन पुन्हा डब्यात चढावं. आताच्या कार्टूनला तसा दम खाता येत नाही, कारण पोराची नजर जरा हलली की घास चुकतो. दर सेकंदाला काहीतरी आपटावं, फुटावं, किंचाळावं लागतं. त्यात यूट्यूबवर तर कारखानेच निघालेत: तीच गाय, तेच पिल्लू, तेच गाणं, रंग बदलून तासभर. मराठीतही आहेत. त्या गायीला मराठी बोलता येतं म्हणून ती बरी, असं मी म्हणणार नाही.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या एका स्टुडिओने 2018 मध्ये ‘ब्लूई’ नावाची कुत्र्यांच्या कुटुंबाची मालिका काढली. राक्षस नाही, जादू नाही, लाडू नाही. एक भाग सात मिनिटांचा. बाप थकून सोफ्यावर पडलेला असतो आणि पोरी त्याला दवाखाना-दवाखाना खेळायला उठवतात. तो कण्हतो आणि उठतो. एवढंच. 2024 मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सगळ्यात जास्त मिनिटं बघितली गेलेली मालिका हीच. कारण लिहिणाऱ्यांनी सोफ्यावरच्या बापालाही गिऱ्हाईक धरलं. बाप हसतो, मग बाप बसतो, मग पुढच्या भागात पाणचट काही आलं तर बाप कुरकुरतो, आणि कुरकुर ऐकू गेली की लिहिणारा सावध होतो. आमच्या ओट्यावरच्या बापाची कुरकुर थेट दिल्लीला ऐकू जाते, पण ती सरकारने बंदी घालावी म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात वैरागच्या बाजूला एका गावात अंगणवाडीची भिंत रंगवायचं काम चाललं होतं. पेंटर बार्शीचाच, निवडणुकीच्या भिंती रंगवून हात बसलेला. दाराच्या एका बाजूला मिकी, दुसऱ्या बाजूला भीम; भीमाचे दंड एवढे की खाली तालमीचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं. खिडकी मधे आल्यामुळे मोटू बारीक झाला होता आणि पतलूला अख्खी भिंत मिळाली होती. वर सुबक अक्षरात, “माझी मराठी, माझा अभिमान.”

मी म्हटलं, “पेंटरसाहेब, एखादं मराठीतलं काढा की.”

“कोण काढू? सांगा.”

“चिंटू काढा.”

त्याने ब्रश डब्यात बुडवला. “त्ये कुणाचं पोरगं?”

“मग फास्टर फेणे.”

“कसा दिसतोय?”

“बारीक, सायकलवर.”

“सायकलवरचं कुठलंबी पोरगं तसंच दिसतंय की. वळखू यायला पायजे साहेब, न्हाईतर बाई पैसं देत न्हाईत.” मग तोच जरा विचारात पडला. “मराठीत एकच हाय बघा, सगळ्या पोरास्नी म्हाईत असलेला. लुगड्यातल्या म्हाताऱ्यांस्नीसुदिक. पण तात्या विंचू काढला तर अंगणवाडीत एक पोरगं पाऊल ठेवायचं न्हाई.”